जिन्यावरची उशी

लॉस एंजलिस
४ मार्च १९८८

प्रिय हिंदा,

पाकिटावर मी तुझं सिनेमातलं 'मिस अडेला थॉर्न' हेच नाव लिहिलं आहे. तुमच्या त्या निवृत्त नटनट्यांच्या आश्रमातल्या फाटकावरच्या माणसाला हिंदा पोमेरांट्झ कोण हे कळायचं नाही आणि पत्र परत यायचं. तिकिटंही दोन जास्तच लावली आहेत. तरी पोचेल की नाही ही काळजी आहेच. माझं शिक्षण सहावीपर्यंतचं. तू शिकायचंस आणि मी सुईला बसायचं हे आईनं ठरवलं, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर पोटात घाल.

पंधरा वर्षं झाली. दर शरदात आपल्या ज्यूंच्या नव्या वर्षाचं तुझं कार्ड यायचं, खाली नुसतं 'हि.' लिहिलेलं. त्र्याहत्तर साली ते यायचं थांबलं. मी एकदाही विचारलं नाही की का. मला ठाऊक होतं.

आता मुद्दा लिहितो, नाहीतर भलतंच लिहीत बसेन. डॉट कर्नीचा टेलिव्हिजनवरचा विनोदी कार्यक्रम सुरू होऊन वीस वर्षं झाली म्हणून दोन तासांचा मोठा खास कार्यक्रम करणार आहेत. प्रेक्षकांनी पत्रं पाठवून सगळ्यांत आवडतं प्रहसन निवडलं. 'दिवाबत्तीची मालकीण' पहिलं आलं. म्हणजे तुझ्या 'दीपगृहाची मालकीण' या सिनेमाची टिंगल. आणि काल कपडेपटातल्या आयरीननं फोन करून सांगितलं की तुला पहिल्या रांगेत बसायला बोलावलंय आणि तू हो म्हणालीस.

हिंदा, जाऊ नकोस. स्टुडिओत थंडी फार असते. दिव्यांच्या उकाड्यासाठी यंत्रं लावतात आणि सगळा गारवा पहिल्या रांगेच्या पायाशी येतो. तुझी छाती मुळात नाजूक. शिवाय पायऱ्या आहेत.

आणि ती उशी आहे. पुन्हा दाखवणार आहेत.

ती कल्पना लेखकांच्या खोलीतली. सहा जण बसायचे तिथं, धुरात, आणि जुना रडका सिनेमा हाती लागला की त्याच्या चिंध्या करायचे. मी शिवणारा. सांगितलं ते शिवलं. एवढं तरी तू लक्षात घे.

इस्त्री बंद केली का हे बघायला मध्येच उठलो होतो, म्हणून शाईचा हा डाग.

तुझा भाऊ
झेलिग


१० मार्च

प्रिय हिंदा,

तुझं उत्तर नाही. टपालवाल्याला दोनदा विचारलं, तो आता मला बघून रस्त्याच्या पलीकडून जातो.

मंगळवारी गस फनेलीकडे जाऊन आलो. निर्माता अजून तोच आहे. पोट वाढलंय, बाकी तसाच.

"अरे देवा, झेलिग! अजून जिवंत?"

"गुडघे सोडून बाकीचा."

"बस, बस. तुलाही बोलावणारच होतो. त्या दिवशी उशीवाला कोण ते डॉट सगळ्यांना सांगणार आहे. टाळ्या घ्यायच्या, वाकायचं. वाकता येतं ना?"

मी म्हटलं, "म्हातारीला कशाला बोलावता? तिचं वय अठ्ठ्याहत्तर."

"म्हणूनच तर! ऐक. ती पहिल्या रांगेत. मागं पडद्यावर प्रहसन. उशी निसटली की कॅमेरा सरळ म्हातारीच्या तोंडावर. ती हसली की अख्खं सभागृह उभं राहणार. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येईल, झेलिग."

"आणि नाही हसली तर?"

"सगळ्या हसतात. दहा वर्षांत किती जणींना बसवलं आपण तिथं! जिची टिंगल केली तिनं हसायचं, टाळ्या वाजवायच्या, मग डॉट तिच्या गळ्यात पडते. नाही हसली तर लोक म्हणतील, म्हातारी खडूस निघाली. या धंद्यात ते कुणाला परवडतं?"

हे खरं आहे. मीही कितीदा पडद्याआडून पाहिलं आहे. रेशमी हातमोजे घातलेल्या त्या बायका, दात दाखवून हसणाऱ्या, आणि गुडघ्यावरची पर्स दोन्ही हातांनी आवळून धरलेली.

मी म्हटलं, "पाचचा खेळ वापर." तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. दर शुक्रवारी आम्ही तोच कार्यक्रम दोनदा करायचो, पाच वाजता एका प्रेक्षकांपुढे आणि आठ वाजता दुसऱ्या. दोन्ही चित्रित व्हायचे. जो चांगला, तो घराघरांत जायचा.

गस म्हणाला, "पाचच्या खेळात उशीच नव्हती. डॉट जिना उतरली, लोकांनी खोकून घेतलं. मेलेला मासा आहे तो."

"तरी वापर."

"कारण दे मला. एक कारण दे."

मी टोपी उचलून निघालो. कारण दिलं तर तुझी गोष्ट सांगावी लागते. नाही दिलं तर ती उशी तुझ्या तोंडासमोर जिन्यावरून गडगडत येणार आणि तू पर्स आवळून हसणार.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. उशी लेखकांच्या खोलीतून आली नाही. पाच आणि आठच्या मधल्या वेळात गस कपडेपटात ओरडत आला होता, "जिन्यावर काहीतरी हवं, कुणीतरी काहीतरी सुचवा!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मालकिणीला दिवस गेलेत असं करा. डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

सोबत माझा पत्ता लिहिलेलं कार्ड आहे. तिकीट लावलं आहे. गसला खरं कारण सांगू का? फक्त गसला, दार लावून. 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिही.

झेलिग


१७ मार्च

प्रिय हिंदा,

कार्ड आलं. कोरं.

पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खिडकीपाशी उजेडात धरलं. शिक्का तुमच्या पोस्टाचा. म्हणजे तू पत्र वाचलंस, कार्ड काढलंस, टपालपेटीपर्यंत चालत गेलीस आणि एक अक्षर न लिहिता टाकलंस. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेजारच्या मिसेस ओकूननं सूप आणून दिलं. तिला म्हटलं, दात दुखतोय.

मला वाटतं, तुझं म्हणणं असं की अर्धवट सांगणाऱ्याला उत्तर मिळायचं नाही. म्हणून सगळं लिहितो. यातलं अर्धं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, तरी लिहितो. ते मला कधी तोंडानं बोलता आलं नाही.

छत्तीस साली तू मला कपडेपटात काम मिळवून दिलंस. अट एकच, स्टुडिओत आपण एकमेकांना ओळखत नाही. मासिकांत छापून आलं होतं की अडेला थॉर्नचे वडील बोस्टनचे पाद्री. आपले वडील न्यूयॉर्कला डिलान्सी स्ट्रीटवर पिंपातून काकड्यांचं लोणचं विकायचे. मी कबूल झालो. माझ्या ब्रोनियाला तेव्हा तिसरा महिना होता आणि मला काम हवं होतं.

'दीपगृहाच्या मालकिणी'तल्या त्या काळ्या पोशाखाचं दुसरं माप घेतानाच मला कळलं. दोन आठवड्यांत कंबर दीड इंच वाढलेली. फीत माझ्या हातात होती. तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणालीस, "झेलिके, जेवढी माया ठेवली असशील तेवढी सगळी सोड." घरी म्हणायचीस तसं, झेलिके. मी रात्री बसून शिवणीतली सगळी माया सोडली. नंतर पुन्हा एकदा आत जोडकापड घातलं. आणि शेवटी जिन्याचं दृश्य आलं तेव्हा पाचवा महिना होता, डाव्या बाजूला चार बोटं फट राहिली. टाचण्या लावल्या आणि तुला म्हटलं, हात इथून काढू नकोस. चौदा पायऱ्या तू हात त्या फटीवर दाबून उतरलीस. वर्तमानपत्रांनी लिहिलं, विधवेच्या दुःखाचा असा अभिनय पडद्यावर झाला नाही, तो कुशीवरचा हात बघवत नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी तुला बॉईल हाइट्सच्या त्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. तुझं म्हणून ब्रोनियाचं नाव सांगितलं. मूल वाचलं नाही. मूल कुणाचं ते मी तेव्हाही विचारलं नाही, आताही विचारत नाही. तू चार तास माझा हात सोडला नाहीस. तुझ्या बोटातल्या अंगठीचा वळ माझ्या हातावर उमटला होता.

मग सोमवारी तू कामावर आलीस. चार बायका उभ्या होत्या. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "टेलर, ही बाही ओढते."

बाही खरंच ओढत होती. मी ती सोडवून दिली. पण हिंदा, मी दिवसभर वाट पाहत होतो की तू एकदा तरी बघशील. आठवडाभर पाहिली. त्यानंतर मी त्या स्टुडिओत आठ वर्षं होतो आणि 'टेलर'च राहिलो. ब्रोनिया म्हणायची, तिचा नाइलाज आहे, तू मोठा हो. मी झालो नाही. दर शरदातलं कार्ड उघडायचो आणि ते एक अक्षर बघून मला राग यायचा.

त्र्याहत्तर साली प्रहसनाचा कागद कपडेपटात आला तेव्हा तो काळा पोशाख मलाच शिवायचा होता. तोच पोशाख, फक्त घेराला खिडकीचे पडदे अडकलेले आणि टोपीवर दीपगृहाचा दिवा. पाचच्या खेळात लोकांनी खोकून घेतलं. आता खरं सांगतो. गस ओरडत आला नव्हता. तो कोपऱ्यात सँडविच खात होता. मीच त्याच्याकडे गेलो. मीच म्हटलं, "पोशाखात उशी घालतो. जिन्याच्या मध्यावर निसटू दे." गस तोंडात घास घेऊनच हसायला लागला.

टाके असे घातले की डॉटनं हात काढला की तुटावेत. मला टाका कळतो. आठव्या पायरीवर तिनं हात काढला. उशी पडली, एकेक पायरी उडत खाली आली, खाली उभ्या असलेल्या गलबताच्या कॅप्टनच्या पायाशी थांबली. डॉटच्या कागदावर हे नव्हतं. तिनं खाली उतरून उशी उचलून खांद्यावर घेतली, पाठीवर थोपटली आणि म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलंय, कॅप्टन!"

लोक खुर्च्यांवरून खाली आले. कॅप्टन झालेला नट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याला हसू आवरेना. अडीच मिनिटं कुणाला पुढचं वाक्य बोलता आलं नाही. आणि मी पडद्याआड उभा होतो. सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते. मी हसत होतो.

मला वाटलं होतं, हे कुणालाच कळणार नाही. देशभर लोक बघणार, त्यांच्यासाठी ती नुसती उशी.

झेलिग


२५ मार्च

प्रिय हिंदा,

तू जा कार्यक्रमाला. उशी येणार नाही.

गसला तुझं काही सांगितलं नाही. हे आधी लिहितो, म्हणजे तुझा श्वास अडकायला नको.

कोऱ्या कार्डाचा मी शेवटी असा अर्थ लावला की ही गोष्ट तुझी आहे आणि ती वापरायची परवानगी मला पुन्हा मिळणार नाही, तुझ्या भल्यासाठीसुद्धा नाही. मग मी माझ्यापाशी दुसरं काय आहे ते बघितलं. फार काही नव्हतं. पन्नास वर्षांचं नाव होतं.

सोमवारी गसला जाऊन म्हटलं, "ती उशी माझी नाही. चोरलेली आहे."

"काय म्हणालास?"

"मॅनी लस्टिगची. कॅट्सकिलच्या डोंगरातल्या हॉटेलांत करायचा तो. सत्तेचाळीस साली उन्हाळ्यात मी तिथं कपडे सांभाळायला होतो. तिथं पाहिली आणि तुम्हाला माझी म्हणून दिली."

गसनं सिगार खाली ठेवला. "मॅनी मेला ना?"

"बायको आहे. पर्ल. मायामीला."

"जिवंत आहे?"

"आणि भांडकुदळ आहे."

त्यानं तिथल्या तिथं वकिलाला फोन लावला. टेलिव्हिजनच्या वकिलाला विधवा हा शब्द ऐकवला की पुढचं सांगावं लागत नाही. दहा मिनिटांत ठरलं, आठचा खेळ बाद, पाचचा दाखवायचा. गसनं फोन ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, "पंधरा वर्षं, झेलिग? पंधरा वर्षं तू वाकून टाळ्या घेतल्यास?"

तुला माहीत आहे आमच्यात कसं आहे ते. दुसऱ्याची बायको पळवलेली लोक विसरतात, विनोद पळवलेला विसरत नाहीत. संध्याकाळी डॉटचा फोन आला. ती नेहमी मला 'पोमी' म्हणायची. "मिस्टर पोमेरांट्झ," म्हणाली, "मी माझ्या नातवंडांनासुद्धा सांगितलंय की ती उशी तुमची." मी म्हटलं, "चूक झाली." ती म्हणाली, "चूक म्हणजे हूक उलटा लावणं." आणि फोन ठेवला. पाहुण्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. गुरुवारी डेलीमध्ये, आमच्या त्या सँडविचच्या दुकानात, जुन्या लोकांच्या टेबलापाशी गेलो तर खुर्ची होती, पण तिच्यावर कोट ठेवला होता. कुणी तो उचलला नाही.

यात एक गंमतही झाली. वकिलानं खबरदारी म्हणून पर्ल लस्टिगला पत्र पाठवलं. काल तिचा फोन.

"झेलिग? मी पर्ल! मॅनीची उशी ना? आठवते म्हणजे काय! निळी होती!"

हिंदा, तसली उशी जगात कधी नव्हती. मॅनी बिचारा ताटं फिरवायचा आणि मधूनच हुंदके देत गाणी म्हणायचा.

"हो," मी म्हटलं, "निळीच."

"चोरट्या," ती म्हणाली, पण आवाज इतका आनंदी होता की मला फोन ठेववेना. "तो उगाच मेला, बघ. हे ऐकायला असायला हवा होता."

झेलिग


१९ एप्रिल

प्रिय हिंदा,

शनिवारी मिसेस ओकूनच्या घरी कार्यक्रम पाहिला, माझ्या टेलिव्हिजनवर माणसं हिरवी दिसतात. पाचच्या खेळावर लोक बेताचंच हसले. जिना, पडदे, डॉट घसरत उतरते, कॅप्टनचं गलबत खिडकीतून आत येतं. बरं होतं ते, तसं वाईट नव्हतं. कॅमेरा तुझ्यावर आला तेव्हा मी उठून उभा राहिलो. मिसेस ओकून म्हणाली, "बसा हो, दिसत नाही मला." तू करडा सूट घातला होतास. खांदा उजवीकडे जरा उतरलाय, कुणी बेतला कोण जाणे. तू हसलीस. पर्स शेजारच्या खुर्चीवर पडली होती. मग डॉटनं तुझ्यापुढे माईक धरला आणि तू म्हणालीस, "बाई, जिना तू माझ्याहून बरा उतरलीस. मला पडायची भीती वाटत होती." लोकांना तो विनोद वाटला. ते उभे राहिले.

काल दुपारी फोन वाजला. मला वाटलं, पर्ल.

"झेलिग?"

पंधरा वर्षांनी ऐकला तरी तुझा आवाज मी लगेच ओळखला.

तू म्हणालीस, "इथं सगळे म्हणतात, तू चोर आहेस."

"हो."

"तिकडे डेलीत कुणी तुझ्याशी बोलत नाही."

"दात दुखतोय, मी तसाही जात नाही."

"कुणाची चोरलीस?"

"मॅनी लस्टिगची."

"मॅनी लस्टिगबरोबर मी त्रेचाळीस साली सैनिकांच्या करमणुकीच्या दौऱ्यावर होते. त्याला ताटं फिरवण्यापलीकडे काही येत नव्हतं." मला तुमच्या दिवाणखान्यातला पियानो ऐकू येत होता, कुणीतरी एकाच बोटानं वाजवत होतं. "मी पुन्हा विचारते, झेलिग. कुणाची चोरलीस?"

मला भीती वाटली की बोललो तर मी रडेन आणि तुला वाटेल, म्हातारा सोंग करतोय. तू बराच वेळ धरून राहिलीस. पियानोचं गाणं संपून दुसरं सुरू झालं. मग तू फोन ठेवलास. आपटला नाहीस, हळूच ठेवलास.

तेव्हा उत्तर लिहितो. तुझी चोरली.

आणि सतरा मार्चच्या पत्राच्या शेवटी लिहिलेलं तेवढंच खोटं अजून उरलंय. कुणालाच कळणार नाही असं मला कधी वाटलं नव्हतं. एका बाईला कळेल हे मला टाके घालताना ठाऊक होतं. तिला कळावं म्हणूनच मी ते घातले. सगळा देश हसत असताना ती एकटी खोलीत बसलेली असेल आणि तिला समजेल की टेलरला सगळं आठवतंय. सदतीस वर्षांत मला तेवढंच हवं होतं, की तू एकदा माझ्याकडे बघावंस. त्यासाठी मी तुझं मूल जिन्यावरून खाली टाकलं.

माफी मागत नाही. ती शब्दांनी मागतात आणि माझे शब्द सहावीपर्यंतचे आहेत.

तू पुन्हा फोन केलास तर हेच तोंडानं सांगेन. सकाळपासून सराव करतोय, मिसेस ओकूननं भिंतीवर दोनदा ठोकलं. फोन स्वयंपाकघरातून काढून खुर्चीशेजारी आणून ठेवला आहे, म्हणजे पहिल्या घंटेलाच उचलता येईल.

तुझा
झेलिके